पंचवीस काडतुसांचा बंदोबस्त

थोपट्यांच्या घरातलं पोर आधी रिकिबीत पाय घालतं आणि मग चालायला शिकतं, असं ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली जुनी माणसं म्हणत. सूर्याजीराव थोपटे या म्हणण्याला अपवाद होते. ते चालायलाच उशिरा शिकले. घोड्यावर बसले ते फक्त स्वतःच्या लग्नात, आणि तेव्हाही लगाम दोघांनी धरला होता. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी ते बांधकाम खात्यात हेडक्लार्क होते आणि आजवर त्यांनी कोणावर काही झाडलं असेल तर ते शेरे. 'अर्जात त्रुटी आहे. पुन्हा सादर करावा.' हा शेरा त्यांनी वीस वर्षांत इतक्या अर्जांवर मारला होता की पेन्सिल आपली आपणच ती वळणं घेत असे. इतक्या लोकांचे तळतळाट घेतलेला माणूस कधी ना कधी सापडायचाच. सूर्याजीराव सापडले ते १९५६ च्या श्रावणात.

निमित्त झालं बंदुकीचं. ही दुनळी बंदूक त्यांच्या वडिलांची, म्हणजे नानांची. नाना संस्थानच्या रिसाल्यात दफेदार होते. "घोडा सरकारचा होता, तलवार सरकारची होती, डोक्यावरचं पागोटंसुद्धा सरकारचं. बंदूक तेवढी माझ्या पैशाची," असं ते सांगत. पुढे संस्थान गेलं, मध्यभारत आला, रिसाला दिल्लीच्या फौजेत विरघळला, आणि नानांनी दसऱ्याची मिरवणूक बघायला जाणं सोडलं. "रिसाल्याशिवाय मिरवणूक म्हणजे काय? वरातच ती," म्हणाले. आता शहात्तराव्या वर्षी त्यांना वर्षातला एकच दिवस उरला होता, खंडेनवमीचा. त्या दिवशी ते बंदुकीला तेल देत, ती पाटावर मांडत, झेंडूची माळ घालत आणि शेजारी काडतुसांचा डबा ठेवत. मग दुसऱ्या दिवशी सीमोल्लंघन होईपर्यंत त्या पाटासमोर ताठ पाठीनं बसून राहत. उरलेलं सगळं वर्ष ते खिडकीशी बसत आणि रस्त्यावरच्या टांग्यांच्या घोड्यांना नावं ठेवत.

डबा म्हणजे बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. त्याला नानांनी कडी बसवून छोटं कुलूप लावलं होतं आणि किल्ली कायम त्यांच्या कनवटीला. आत पंचवीस काडतुसं होती, असं परवान्यावर लिहिलेलं होतं. ती सूर्याजीरावांनी जन्मात पाहिली नव्हती. नानांनी १९१६ साली एकाएकी शिकार सोडली होती. जेजुरीच्या खंडोबाला शब्द दिला म्हणून सोडली, अशी घरातली कथा होती. नाना त्यावर हो म्हणत नसत आणि नाहीही म्हणत नसत.

तर श्रावणात कागद आला. एक नोव्हेंबरला मध्यभारत मोडून नवा मध्य प्रदेश होणार होता आणि राजधानी भोपाळला जाणार होती. माणूस घर सोडताना जशी माळ्यावरची अडगळ काढतो, तशी सगळ्या कचेऱ्यांना आपापली दप्तरं साफ करायची लहर आली होती. कागदात लिहिलं होतं की परवानाधारकानं आपला दारूगोळा घरी सुरक्षित ठेवल्याचा पडताळणी दाखला दसऱ्याच्या आत मिळवावा. नाही मिळाला तर शस्त्र आणि काडतुसं दोन्ही कोतवालीत जमा.

सूर्याजीरावांनी हे नानांना वाचून दाखवलं. नानांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "जमा केली तर खंडेनवमीला पाटावर मी काय मांडू? तुझा टाक?"

टाकाचा असा उल्लेख सूर्याजीरावांना लागला. त्या टाकावर घर चाललं होतं. पण नानांचा आवाज शेवटी थोडा हलला होता आणि तो हललेला आवाज त्यांनी याआधी एकदाच ऐकला होता, आई गेली तेव्हा. "बंदूक पाटावरच मांडायची, नाना," ते म्हणाले, "दाखला मी आणतो. दोन दिवसांचं काम आहे."

दोन दिवसांचं काम आहे, असं सरकारी नोकरानं म्हणावं याहून मोठा अपशकुन नाही.

परवाना कचेरीत टेबलाशी गोविंदराव मुळे बसले होते. हे गोविंदराव म्हणजे दोन वर्षांपूर्वी आपल्या मामांच्या विहिरीच्या परवानगीसाठी बांधकाम खात्यात सहा खेपा घातलेले गोविंदराव. सहाही वेळा सूर्याजीरावांनी त्रुटी काढली होती. गोविंदरावांनी त्यांना बसायला खुर्ची दिली, पाणी मागवलं, घरच्यांची चौकशी केली. तेव्हाच सूर्याजीरावांनी ओळखलं की आपण सापडलो.

"पाच रकाने आहेत, सूर्याजीराव," गोविंदराव प्रेमानं म्हणाले. "अ, साठवणुकीची जागा कोरडी असावी. ब, अग्नीपासून दूर. क, मुलांच्या हाताबाहेर. ड, शस्त्रापासून वेगळी. ई, लोखंडी पेटी, दोन कुलुपं. पाची भरा आणि आणा."

सूर्याजीरावांनी तिथल्या तिथे भरले. गोविंदरावांनी कागद नाकाजवळ नेला. "क मध्ये 'निरंक' लिहिलंय."

"आमच्या घरात मूल नाही. एकच मुलगी, ती लग्न होऊन नागपूरला. घरात मी, मंडळी आणि नाना."

"ते बरोबर. पण निरंक चालत नाही जी. मूल असेल तर हाताबाहेर आहे असं लिहायचं, नसेल तर का नाही ते लिहायचं."

"का नाही म्हणजे?"

"मतलब, कारण," गोविंदराव म्हणाले आणि खिशातली पेन्सिल काढून त्यांनी समासात सुंदर अक्षरात लिहिलं: अर्जात त्रुटी आहे. पुन्हा सादर करावा.

दुसरा अर्ज गेला तो थेट इंदूरला गेला. मध्यभारताला दोन राजधान्या होत्या, उन्हाळ्यात इंदूर आणि हिवाळ्यात ग्वाल्हेर, आणि वरचा शेरा ज्या साहेबाचा हवा होता तो अजून उन्हाळ्यात होता. सूर्याजीरावांनी दर आठवड्याला चौकशी केली. कागद इंदूरला पोचला. कागद इंदूरला पाहिला. कागद इंदूरहून निघाला. भाद्रपद उजाडला तरी तो ग्वाल्हेरला उतरला नाही. "घाबरू नका," गोविंदराव म्हणाले, "भोपाळला तर पोचेलच." शेवटी तिसरा अर्ज झाला, वरच्या शेऱ्याच्या जागी जिल्ह्याचाच शेरा चालेल असं ठरलं, आणि मग उरली पेटी.

पेटी घ्यायची हे गल्लीत कळायला अर्धा दिवस लागला. संध्याकाळी समोरचे मल्हारराव आले. मल्हारराव संस्थानच्या पायदळातून कॅप्टन म्हणून निवृत्त झाले होते. त्यांची सगळी नोकरी गणवेशांच्या कोठारात गेली होती, त्यामुळे युद्धाविषयी त्यांची मतं फार ठाम होती.

"पेटीबिटी फालतू आहे," ते म्हणाले. "काडतुसं जमिनीत पुरायची. वर तुळस लावायची. शत्रूच्या बापालाही पत्ता लागत नाही."

"आम्ही वरच्या मजल्यावर राहतो, कॅप्टनसाहेब."

"मग कुंडीत पुरा. पण त्याआधी एक झाडून पाहायला पाहिजे. चाळीस वर्षांचा माल आहे. चालतो की नाही बघायला नको? आणा इकडे, गच्चीवरून एक काढतो मी."

"डब्याला हात लावायचा नाही!" खिडकीतून नाना असे ओरडले की खालचा टांग्याचा घोडा थांबला. "खंडोबाची आण आहे."

मल्हारराव दुखावले. जाता जाता त्यांची नजर फडताळाकडे गेली. डबा ज्या फळीवर होता तिची कड उंदरांनी कुरतडून कुरतडून वाटोळी केली होती. शालिनीताईंनी, म्हणजे सूर्याजीरावांच्या पत्नीनं, तिथे आजवर तीन फळ्या बदलल्या होत्या. घरात लाडूंचा डबा होता, शेवेचा डबा होता, पण उंदीर जायचे ते काडतुसांच्या डब्याकडे.

"दारूगोळ्यात यांना काय गोड लागतं कोण जाणे," शालिनीताई म्हणाल्या.

"गंधक," मल्हारराव म्हणाले. "गंधकाचा वास उंदराला ओढतो. लढाईत सगळ्यांना ठाऊक असतं."

"आणि एखाद्यानं खाल्लं म्हणजे?"

मल्हाररावांनी थोडा विचार केला. "त्याला चुलीजवळ जाऊ देऊ नका," ते म्हणाले आणि गेले. त्यानंतर पंधरा दिवस शालिनीताई हातात लाटणं घेऊन चुलीशी बसत होत्या आणि त्या काळातली एकही पोळी गोल झाली नाही.

नवी पेटी करायला लोहारानं दोन महिने मागितले. मग कोणीतरी सांगितलं की दाल बाजारात एका व्यापाऱ्याची जुनी तिजोरी विकायला आहे, दोन कुलुपांची, अगदी मजबूत. सूर्याजीरावांनी ती दुकानात पाहिली तेव्हा ती बेताचीच वाटली. तिच्याभोवती अडीच अडीच मणांची पोती रचलेली होती, त्यांच्यात हत्तीही बेताचाच वाटला असता. ती हातगाडीवर चढवली तेव्हा गाडीचं चाक वाकलं. दुसरी गाडी आणली. चार हमाल दारापर्यंत आले, जिना पाहिला, आणि एकमेकांकडे बघून म्हणाले, "बाबूजी, ये ऊपर नहीं जाएगी. घर नीचे ले आइए."

तिजोरी तीन दिवस जिन्याच्या तोंडाशी राहिली. पहिल्या दिवशी लोकांनी तिला वळसा घातला. दुसऱ्या दिवशी पोस्टमन तिच्यावर बसून पत्रं लावू लागला. तिसऱ्या दिवशी घरमालकीणबाईंनी, मंदाताईंनी, तिच्यावर सांडगे वाळत घातले आणि मगच भांडण काढलं.

मंदाताई खालच्या मजल्यावर राहत. त्यांचे यजमान दरबारी पुराणिक होते. यजमान गेले, दरबार गेला, पण बोलण्याची ती बैठक बाईंकडे राहिली होती. "हे पाहा सूर्याजीराव, मी सांगून राहिले, ही धोंड तुम्ही वर नेणार म्हणजे माझ्या डोक्यावर ठेवणार. आणि तिच्या पोटात दारूगोळा. मतलब, आधी उडणार मी आणि मग माझ्यावर पडणार तिजोरी. एका बाईनं किती वेळा मरायचं?"

"मंदाताई, सरकारी नियम आहे. तिजोरीमुळे उलट आपण सुरक्षित होणार."

"चाळीस वर्षं बिस्किटाच्या डब्यात होती ती, तेव्हा मी सुखानं झोपत होते. आता सुरक्षित करून राहिले तर झोप उडाली."

या बोलण्यात चूक शोधायला सूर्याजीराव रात्रभर जागले आणि त्यांना ती सापडली नाही. अखेर बांधकाम खात्यातल्या ओव्हरसियरला आणून, तुळया ठोकून पाहून, त्याच्याकडून 'छत भार सोसेल' असा कागद घेऊन तो मंदाताईंना द्यावा लागला. स्वतःच्याच खात्यात स्वतःसाठी अर्ज करताना सूर्याजीरावांच्या हाताखालच्या कारकुनानं त्यात एक त्रुटी काढली. संस्कार वाया जात नाहीत.

आठ हमालांनी तिजोरी वर चढवली. जिन्याचा कठडा गेला आणि भिंतीचा गिलावा गेला. आता ठेवायची कुठे? स्वयंपाकघरात अग्नी. मोरीच्या बाजूला ओल. आतल्या खोलीत बंदूक, म्हणजे शस्त्रापासून वेगळी नाही. देवघरात समई, म्हणजे पुन्हा अग्नी. पाची रकान्यांत बसणारी घरात एकच जागा निघाली, ती म्हणजे बैठकीच्या खोलीचा बरोबर मध्य. तिथे तिजोरी ठेवली. त्या दिवसापासून आल्यागेल्याशी बोलायचं तर तिजोरीच्या डावीकडून किंवा उजवीकडून वाकून बोलावं लागे. शालिनीताईंनी तिच्यावर भरतकामाचा रुमाल घातला. त्यानं ती आणखीच उघडी पडल्यासारखी दिसू लागली. भरीत भर म्हणजे व्यापाऱ्याच्या डाळींचा वास तिच्यात मुरलेला होता, त्यामुळे फळीवरचे उंदीर सहकुटुंब खाली राहायला आले.

डबा तिजोरीत ठेवायची वेळ आली तेव्हा नानांनी सगळ्यांना खोलीबाहेर काढलं. दार लावून घेतलं. बाहेर आले ते दोन्ही किल्ल्या कनवटीला लावून.

"नाना, एक किल्ली माझ्याकडे पाहिजे," सूर्याजीराव म्हणाले. "अर्जदार मी आहे. आणि आत पंचवीस आहेत ना, ते एकदा मोजून घेऊ."

"काडतुसं मोजत नाहीत. अशुभ असतं."

"कोणत्या शास्त्रात?"

"माझ्या," नाना म्हणाले आणि खिडकीशी जाऊन बसले.

सूर्याजीरावांचा तोल तेव्हा पुरता सुटला. त्यांनी चहाचा कप आपटला. मग उंदरांवर ओरडले, मग शालिनीताईंवर, मग खालून मंदाताई 'काय उडालं?' म्हणून विचारू लागल्या तर जिन्यात जाऊन त्यांच्यावर. गेले दोन महिने त्यांचं हे असंच चाललं होतं. कचेरीत गोविंदरावांसमोर हसायचं आणि घरी येऊन दात खायचे. ज्या वस्तूला आपण हात लावला नाही, जी आपण पाहिली नाही, तिच्यापायी आपली अशी दशा व्हावी याचा त्यांना मनापासून संताप येत होता. आणि नाना खिडकीशी त्यांच्याकडे बघत, मिशीवरून हात फिरवत बसलेले असत.

पडताळणीला कोतवालीतून माणूस येणार होता. आज येतो, उद्या येतो करता करता नवरात्र बसलं. तो आला तो नेमका खंडेनवमीला, भर दुपारी.

पूजा नुकतीच आटोपली होती. पाटावर बंदूक, तिला झेंडूची माळ. काडतुसांचा डबा दरवर्षी शेजारी असायचा, पण यंदा तो तिजोरीत. मग पूजेतून त्याला वगळायचं कसं? शालिनीताईंनी तिजोरीचीच पूजा केली. दारावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, वर नारळ ठेवला, आणि नानांनी दोन्ही कुलुपांवरून लाल नाडा गुंडाळून गाठ मारली. पूजेत मांडलेलं शस्त्र सीमोल्लंघनापर्यंत हलवायचं नाही की उघडायचं नाही, हा घरचा नियम. सूर्याजीरावांनी हात जोडले, प्रसाद घेतला आणि वर पाहिलं तो दारात दरोगा दौलतसिंह उभे.

"थोपटे साहब? पेटी खुलवाइए. पच्चीस नग गिनने हैं."

"आज नहीं खुलेगी," नाना पाटासमोरूनच म्हणाले. "पूजा में है."

सूर्याजीरावांनी एकदा नानांकडे आणि एकदा त्या गाठीकडे पाहिलं. सगळं होतं. तीन अर्ज होते, पाच रकाने होते, छताचा कागद होता, मोडलेला कठडा होता, आणि दाखला चार पावलांवर येऊन एका नाड्याच्या गाठीशी अडकला होता. "नाना," ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "उद्या दसरा. मुदत संपली. आज उघडलं नाही तर परवा बंदूक कोतवालीत. तुमच्यासाठी केलंय हो मी सगळं. फक्त एक गाठ सोडा."

"सोडणार नाही," नाना म्हणाले. पण त्यांनी मुलाकडे पाहिलं नाही. पाटाकडेही पाहिलं नाही.

दौलतसिंहांनी तिजोरीवरचं स्वस्तिक पाहिलं आणि दारातच बूट काढले. ते पाटासमोर बसले, बंदुकीला हात जोडले. "दफेदार साहब, मेरी दुनाली भी आज चौकी पर है. पूजा में से मैं भी नहीं उठाता. लेकिन परसों सारे कागज भोपाल के लिए बँध जाएँगे. ऐसा करता हूँ, कल शाम को आता हूँ, आपका सीमोल्लंघन होते ही. छुट्टी है तो मेरी है. तारीख तो कल की भी चलेगी."

सूर्याजीरावांना त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. नाना मात्र खूश दिसले नाहीत. ती संध्याकाळ ते पाटासमोर बसले खरे, पण पहिल्यांदाच त्यांची पाठ वाकलेली होती.

दसऱ्याला दिवेलागणीच्या सुमाराला दौलतसिंह आले. गल्लीला वास लागलेला होताच. मल्हारराव सोनं द्यायच्या निमित्तानं आले आणि थांबले. मंदाताई छत पाहायच्या निमित्तानं आल्या आणि तिजोरीपासून लांब, थेट दारात उभ्या राहिल्या. सूर्याजीरावांनी नानांसमोर हात पुढे केला. नानांनी खूप वेळ त्या हाताकडे पाहिलं आणि किल्ल्या काढून दिल्या त्या दरोग्यांच्या हातात.

कुलुपं उघडली. डबा बाहेर आला. झाकण निघालं. आत लालसर पुठ्ठ्याची, पितळी बुडाची काडतुसं ओळीनं मांडलेली होती आणि दौलतसिंहांनी ती मोजली. पंचवीस. सूर्याजीरावांनी दोन महिन्यांत पहिल्यांदा सुटकेचा श्वास सोडला.

तेवढ्यात दौलतसिंहांनी एक काडतूस उचललं आणि त्यांचा हात तसाच थांबला. त्यांनी ते तळहातावर तोललं. दुसरं उचललं, तेही तोललं. कानाशी नेऊन हलवलं. मग नखानं वरची चकती उचकटली आणि काडतूस पाटावर पालथं केलं.

खाली मोहरी पडली.

बारीक, काळी, चांगली मूठभर मोहरी पाटावर पसरली, घरंगळत बंदुकीखाली गेली. "डाळवाल्याची तिजोरी ना," मल्हारराव म्हणाले, "तिच्यातलीच काहीतरी..." आणि दौलतसिंहांनी दुसरं काडतूस पालथं केलं तेव्हा गप्प बसले. फळीवरच्या गंधकाचा विषय त्यांनी त्यानंतर आयुष्यात काढला नाही.

"नाना?" सूर्याजीराव म्हणाले.

नाना सरळ झाले. "तू चार वर्षांचा होतास," ते म्हणाले. "मी शिकारीहून आलो, बंदूक भिंतीला टेकवली, पाय धुवायला गेलो. परत आलो तर तू बंदूक मांडीवर घेऊन बसलेला आणि नळी तुझ्या आईकडे. ती ताक घुसळत होती. मी ओरडायच्या आत तू चाप ओढलास." त्यांनी दोन बोटं वर केली. "दोन नळ्या, दोन चाप. भरलेली होती डावी. तू ओढलास उजवा."

शालिनीताईंनी पदर तोंडाला लावला.

"त्याच संध्याकाळी मी एकूण एक काडतूस रिकामं केलं. दारू नाल्यात टाकली. पोकळ काडतुसं हातात धरवेनात, म्हणून तुझ्या आईनं फोडणीच्या डब्यातली मोहरी काढून दिली. कुणाला सांगायचं नाही असं दोघांनी ठरवलं. तिनं मरेपर्यंत सांगितलं नाही."

"खंडोबाला शब्द...?"

"खंडोबाला कशाला, तिला दिला होता."

सूर्याजीरावांचे डोळे भरून आले. पण संताप हा काही लगेच जागा सोडणारा पाहुणा नव्हे. डोळे पुसता पुसता त्यांना तीन अर्ज आठवले, आठ हमाल आठवले, गोविंदरावांचं समासातलं सुंदर अक्षर आठवलं. "मग मला तरी सांगायचं होतंत, नाना! दोन महिने! मोहरीसाठी मी तिजोरी आणली!"

"रिकाम्या बंदुकीला परवाना कोण देतं? आणि तुला सांगितलं असतं तर तू अर्जात लिहिलं असतंस." हे खरं होतं. सूर्याजीरावांनी नक्की लिहिलं असतं.

सगळ्यांनी दौलतसिंहांकडे पाहिलं. दरोग्यांनी पाटावरची मोहरी हातानं गोळा केली, काडतुसांत भरली, चकत्या दाबून बसवल्या, सगळी ओळीनं डब्यात ठेवली. मग खिशातून अर्ज काढला, चष्मा लावला आणि एकेक रकाना वाचू लागले.

"सूखी जगह. हाँ. आग से दूर. हाँ. हथियार से अलग. हाँ. दो ताले." त्यांनी खुणा केल्या आणि वर पाहिलं. "पच्चीस साल की नौकरी में इतनी हिफाजत से रखे हुए कारतूस मैंने नहीं देखे. बस एक खाना रह गया. बच्चों की पहुँच से बाहर?"

"घर में बच्चा कोई नहीं है," सूर्याजीराव थकून म्हणाले. "ये हमने तीन बार लिखा है."

"है," नाना म्हणाले आणि त्यांनी सूर्याजीरावांकडे बोट दाखवलं.

"नाना, मी चव्वेचाळीस वर्षांचा आहे!"

"कागदावर. गेले दोन महिने घरात कसा फिरत होतास ते मी बघत होतो. मोहरी होती म्हणून मंदाताई आज दारात उभ्या आहेत."

मंदाताईंनी दाराची चौकट धरली. दौलतसिंहांनी शेवटच्या रकान्यात खूण केली, खाली सही मारली, आणि पाटावरच्या बंदुकीला नमस्कार करून बूट घालायला गेले.

सूर्याजीरावांनी डबा तिजोरीत ठेवला, दोन्ही कुलुपं लावली. मग आपट्याचं पान घेऊन ते नानांच्या पायाशी वाकले. नानांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तो काढला नाही. काढला तेव्हा तो उताणा करून पुढे धरला.

"किल्ल्या आण इकडे," ते म्हणाले.